मोतीबिंदू: 'इमेज गायडेड लेसर' करावं की साधं फेको? आईच्या डोळ्याचा निर्णय घ्यायचाय

कोरेगावकर | शनिवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, गावी असते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. गेल्या महिन्यात ज्वारी निवडता निवडता तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "आता खडा नि दाणा एकच दिसायला लागलाय गं." आयुष्यभर तिने निवडलेल्या धान्यात कधी खडा लागला नाही. दुसऱ्याच आठवड्यात तिला पुण्याला घेऊन आले.

तपासणी व्यवस्थित झाली. मग काउन्सेलर बाईंनी कागदावर तीन आकडे लिहिले. साधं फेको, म्हणजे मोतीबिंदूचं नेहमीचं ऑपरेशन, ३८ हजार, टोरिक नावाच्या खास लेन्ससह ६४ हजार आणि 'इमेज गायडेड फेम्टो लेसर' १ लाख १५ हजार. हे सगळे एका डोळ्याचे. तिसऱ्या आकड्याभोवती गोल करून त्या म्हणाल्या, "आईंसाठी हेच करा, यात ब्लेड नाही, सगळं कॉम्प्युटर करतो." आई शेजारीच बसली होती. तिने टेबलाखाली माझा हात दाबला. एवढे पैसे नकोत, असं तिला म्हणायचं होतं.

तेव्हापासून झोप नाही. पैसे उभे करता येतील, तो प्रश्न नाही. पण जास्त पैसे भरून आईला खरंच जास्त चांगलं दिसणार आहे का? आणि मी लेसर नको म्हटलं तर तिच्या डोळ्याच्या बाबतीत काही कमी करतेय का? तिला मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे. विम्यातून किती मिळतं, तेही कळलं तर बरं. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

ठाणेकर | शनिवार, सकाळी ९.४८

माझ्या सासऱ्यांचं दोन वर्षांपूर्वी लेसरने केलं. अजिबात त्रास नाही, दुसऱ्या दिवशी पेपर वाचला. ऐपत असेल तर लेसरच करा ताई, डोळा एकदाच मिळतो.

शांत_संध्याकाळ | शनिवार, सकाळी १०.३०

माझ्या वडिलांचं साध्या फेकोने झालं आणि त्यांनीही दुसऱ्या दिवशी पेपर वाचला. त्यामुळे एकेका माणसाच्या अनुभवावरून ठरवणं कठीण आहे. इथे एक नेत्रतज्ज्ञ लिहितात, त्यांची वाट बघा.

डोळेडॉक्टर | शनिवार, दुपारी २.१५

कोरेगावकर ताई, मी कोल्हापूर भागात डोळ्यांची ऑपरेशनं करतो. फेको पंचवीस वर्षं करतोय, फेम्टो मशीनवरही काही वर्षं काम केलंय. सध्या माझ्याकडे ते मशीन नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे माझं म्हणणं तुम्हाला तोलून घेता येईल.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी. लेसरने मोतीबिंदू जळत नाही की विरघळत नाही. आपल्या डोळ्यातलं भिंग म्हणजे पातळ पारदर्शक पिशवीत भरलेला गर. तो गढूळ झाला की मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये पिशवी जागेवर ठेवून आतला गर काढायचा असतो, आणि त्याच पिशवीत घडी घातलेली कृत्रिम लेन्स सरकवून उलगडायची असते. त्यासाठी पिशवीच्या पुढच्या आवरणाला साधारण ५ मिलिमीटरची गोल खिडकी पाडावी लागते. हे आवरण किती पातळ? मिलिमीटरचा सुमारे सत्तरावा भाग. आणि मागचं आवरण त्याहूनही पातळ, मधोमध ४ मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते फाटलं तर गराचे तुकडे मागे डोळ्याच्या पडद्याकडे (रेटिनाकडे) घसरू शकतात, म्हणून आम्ही सगळे त्याला जपतो.

साध्या फेकोत ही गोल खिडकी मी चिमट्याने हाताने पाडतो. मग फेकोच्या सुईने, म्हणजे ध्वनीलहरींनी थरथरणाऱ्या पोकळ सुईने, गराचे तुकडे करून ते ओढून घेतो. लेसर मशीन यातली सुरुवातीची कामं करतं: खिडकी पाडणं, गराला आतून चिरा देऊन तुकडे पाडणं, बुबुळाच्या, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक काचेच्या, कडेचे छेद घेणं, आणि सिलिंडरचा नंबर (बुबुळाच्या असमान वळणामुळे येणारा) थोडा असेल तर तो कमी करायला कमानीसारखे छेद घेणं. यापुढचं सगळं, म्हणजे फेकोची सुई आत घालणं, तुकडे काढणं, पिशवी साफ करणं, लेन्स बसवणं, हे सर्जनच्या हातानेच होतं. त्यामुळे 'सगळं कॉम्प्युटर करतो' हे त्या बाईंचं म्हणणं बरोबर नाही.

आता 'इमेज गायडेड' म्हणजे काय. मशीनखाली आडवं झाल्यावर डोळ्यावर एक कडं बसवतात, ते हलक्या ओढीने डोळ्याला धरून ठेवतं. मग मशीन डोळ्याच्या आतलं उभ्या कापासारखं चित्र स्क्रीनवर काढून दाखवतं. बहुतेक मशीनमध्ये ओसीटी, म्हणजे प्रकाशाने आतलं चित्र घेणारी यंत्रणा, असतं, लेन्सारसारख्या मशीनमध्ये वेगळ्या पद्धतीचे कॅमेरे. बुबुळ किती जाड, पुढचं आवरण कुठे, मागचं कुठे, भिंग एका बाजूला कललेलं आहे का, हे सगळं त्या चित्रात दिसतं. त्यावर मशीन स्वतः रेषा आखतं: इथे खिडकी, इथे चिरा, आणि मागच्या आवरणाच्या अर्धा मिलिमीटर आधी थांबायचं. सर्जन त्या रेषा तपासतो, गरज वाटली तर सरकवतो, मगच पेडल दाबतो. प्रत्यक्ष लेसर बहुधा एका मिनिटाच्या आत संपतो.

त्याने पाडलेली खिडकी फार सुंदर असते. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली पाहिली तेव्हा मी दोन क्षण हात थांबवून बघत राहिलो होतो. इतकं अचूक वर्तुळ माझ्या हाताने रोज येत नाही.

पण तुमचा प्रश्न आईच्या दिसण्याचा आहे. त्यावर सावकाश लिहितो, ओपीडीची वेळ झाली.

प्रकाशकण | शनिवार, सायंकाळी ६.०५

मी डॉक्टर नाही, पण आयुष्य लेसरच्या प्रयोगशाळेत गेलं. हा लेसर डोळ्यापर्यंत कसा आला ते ऐकण्यासारखं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फेम्टोसेकंद म्हणजे किती? एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख. त्यातला एक. या मशीनचा एक स्पंद, म्हणजे प्रकाशाचा एक झटका, काहीशे फेम्टोसेकंदांचा असतो, आणि तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम केसाच्या जाडीइतका पुढे सरकतो. इतक्या कमी वेळात ऊर्जा एका बिंदूत कोंबली की तिथला पदार्थ तापून आजूबाजूला उष्णता पसरायच्या आतच फुटतो आणि तिथे एक सूक्ष्म बुडबुडा तयार होतो. असे हजारो बुडबुडे एकाला एक लागून ठेवले की चीर पडते. भाजणं नाही की करपणं नाही. लेसरचा रंग अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. तो स्वच्छ बुबुळातून आरपार जातो आणि ज्या खोलीवर केंद्रित केलाय तिथेच काम करतो. बाहेरून काही न कापता आत कापणं शक्य होतं ते यामुळे.

असे आखूड आणि तरी जोरदार स्पंद पूर्वी तयारच करता येत नसत, कारण यंत्रातले आरसे आणि स्फटिकच त्या जोराने फुटायचे. १९८५ मध्ये जेरार मूरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी यावर तोड काढली: स्पंद आधी ताणून लांब करायचा, मग त्याचा जोर वाढवायचा, आणि शेवटी पुन्हा दाबून आखूड करायचा. याबद्दल दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं.

आणि डोळ्याशी संबंध आला तो अपघाताने. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात मूरूंच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने संरक्षक चष्मा घातला नव्हता. लेसरचा किरण त्याच्या डोळ्यात गेला. त्याला रुग्णालयात नेलं तेव्हा रॉन कर्ट्झ नावाचे तरुण नेत्रवैद्य तिथे होते. पडद्यावरची जखम पाहून ते चकित झाले. ती इतकी नेटकी गोल होती, कडा इतक्या स्वच्छ होत्या, की असं कापणारं हत्यार त्यांनी पाहिलंच नव्हतं. कोणता लेसर होता हा, असं विचारत ते प्रयोगशाळेत पोचले. पुढे त्यांनी आणि तिबोर युहास या हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञाने मिळून आधी चष्म्याचा नंबर घालवण्याच्या ऑपरेशनसाठी, म्हणजे लॅसिकसाठी, हा लेसर आणला. १९९७ मध्ये इंट्रालेस ही कंपनी निघाली ती त्यातूनच. मोतीबिंदूवर माणसाच्या डोळ्यात त्याचा पहिला वापर २००८ मध्ये बुडापेस्टच्या सेमेलवाइस विद्यापीठात झोल्तान नाज यांनी केला.

डॉक्टरसाहेबांनी ज्या ओसीटीचा उल्लेख केला, ते १९९१ मध्ये एमआयटीत तयार झालं. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी मोजतात, तसा इथे प्रकाशाचा मोजतात. प्रकाश इतका वेगवान की त्याचा प्रतिध्वनी थेट घड्याळाने मोजता येत नाही, म्हणून परत आलेला किरण दुसऱ्या एका किरणावर टाकून त्यांचा मेळ कुठे बसतो ते पाहतात. त्यातून डोळ्याला हातही न लावता काही मायक्रॉनचा थर ओळखता येतो. फेम्टो लेसर हे हत्यार, ओसीटी ही त्याची नजर. नजरेशिवाय हे हत्यार भिंगाच्या आत वापरायची हिंमत कुणी केली नसती.

कृत्रिम लेन्सचा जन्मही असाच. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे तुकडे घुसले. डोळा ते निमूट सहन करतो हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, आणि १९४९ मध्ये त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकची पहिली लेन्स माणसाच्या डोळ्यात बसवली.

वरोऱ्याचे_गुरुजी | शनिवार, रात्री ९.२०

प्रकाशकण, तुमचं वाचताना माझी आजी आठवली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा लेन्स बसवत नसत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला कित्येक दिवस उताणं निजवलं होतं. मान हलवायची नाही, खोकायचं नाही. मग मिळाला तो जाड भिंगाचा चष्मा. त्यातून तिला दाराची चौकट वाकडी दिसायची आणि पाण्याचा पेला हातात यायच्या आधीच हात पुढे जायचा. तरी ती म्हणायची, "पोरा, तुझं तोंड दिसतंय, बस झालं."

पुढे आमच्या आनंदवनात डॉ. तात्याराव लहाने यांची शिबिरं पाहिली. ओळीने बसलेले म्हातारे, डोळ्यावर पट्टी, काठी धरलेले. पट्टी सुटल्यावर शेजारच्याचा चेहरा हाताने चाचपून पाहणारी एक बाई मला आजही दिसते. त्या शिबिरांत असलं लेसर मशीन नव्हतं, आणि माणसं बघायला लागली होती. कोरेगावकर ताई, एवढं ध्यानात ठेवा आणि मनावरचं ओझं आधी उतरवा.

परदेशस्थ_माई | रविवार, पहाटे २.४०

मी इंग्लंडमध्ये लीड्सला असते, वय ७१. माझे दोन्ही डोळे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत साध्या फेकोने झाले. डोळ्यात फक्त थेंब टाकून भूल, इंजेक्शनही नाही. दोन तासांत घरी.

मीही आधी लेसरबद्दल विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, इथल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१७ पासून तसं स्पष्ट लिहिलंय: फेम्टो लेसर फक्त शास्त्रीय चाचणीचा भाग म्हणून वापरावा, एरवी नेहमीचं फेको. शिवाय इथल्याच तीन रुग्णालयांत ७८५ रुग्णांवर तुलना झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखं निम्म्यांना लेसर, निम्म्यांना साधं फेको. तीन महिन्यांनी बिनचष्म्याची नजर दोन्ही गटांत सारखीच निघाली. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. माझी मुलगी संशोधन क्षेत्रात आहे, तिने मला मूळ निबंध वाचून समजावून सांगितला होता, म्हणून इतकं खात्रीने लिहिते.

डोळेडॉक्टर | रविवार, सकाळी ११.००

माईंनी माझं अर्धं काम केलं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांतल्या चाचणीचे निष्कर्ष 'द लॅन्सेट'मध्ये आले. ९०० च्या आसपास रुग्ण, दोन गट. गुंतागुंत, नजर, राहिलेला नंबर, सगळं मिळून यशाचं प्रमाण मोजलं तर लेसरचा गट पुढे नव्हता. खर्च मात्र जास्त.

एवढी सुंदर खिडकी पडते, मग फरक का पडत नाही? यावर मी स्वतः बराच विचार केलाय. ऑपरेशननंतर किती स्पष्ट दिसणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: लेन्सचा नंबर किती बरोबर मोजला, मागचं आवरण शाबूत राहिलं का, आणि पडदा निरोगी आहे का. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट लेसरच्या हातात नाही. दुसरीत सराव झालेल्या सर्जनकडे आवरण फाटण्याचं प्रमाण मुळातच इतकं कमी असतं की त्यात आणखी सुधारणा करायला फारशी जागा उरत नाही.

लेसरच्या स्वतःच्या अडचणीही आहेत. लेसर लागला की काही डोळ्यांची बाहुली आकसते, आणि पुढचं काम अरुंद दरवाजातून करावं लागतं. त्यासाठी आधी दाहशामक थेंब घालतात. आत बुडबुड्यांचा वायू साठतो, तो हळूच बाहेर काढावा लागतो, नाहीतर पिशवीत दाब वाढतो. खिडकीच्या कडेला कुठे एखादा धागा न कापता राहिला आणि सर्जनने ओढला, तर आवरण तिथून चिरत जातं. कड्यामुळे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग पडतो, त्याने मात्र काही बिघडत नाही, दोन आठवड्यांत जातो.

आणि सगळ्यांना हे मशीन चालतही नाही. बाहुली मोठी होत नसेल, बुबुळावर पांढरट डाग असेल, डोळे फार खोल असतील, मान थरथरत असेल किंवा माणसाला उताणं स्थिर पडता येत नसेल, तर अडचण येते. मला सगळ्यात बोचणारी गोष्ट ही, की खेड्यातून येणारा पूर्ण पिकलेला, तांबूस-काळपट झालेला मोतीबिंदू, जिथे मदतीची सगळ्यात जास्त गरज आहे, तिथेच या प्रकाशाला आरपार दिसत नाही. गर इतका गढूळ असतो की मागचं आवरण चित्रात उमटत नाही, त्यामुळे खोल चिरा देता येत नाहीत. अशा डोळ्याला अनुभवी हाताने केलेलं छोट्या छेदाचं बिनटाक्याचं ऑपरेशन आजही उत्तम. आपल्या देशात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण अजून मोतीबिंदूच आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत त्याचा वाटा ६६ टक्के निघाला. हे अंधत्व कमी होतंय ते या साध्या ऑपरेशनांमुळे.

मग मी लेसर कुणाला सुचवतो? बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी कमी असतील त्यांना, कारण गर आधीच चिरलेला असला की फेकोची ऊर्जा कमी लागू शकते. पांढऱ्या, दुधाळ, फुगलेल्या मोतीबिंदूत आवरणाला हात लावताच ते फाटत जायचा धोका असतो, तिथे डोळ्याला बाहेरून छेद न घेताच आत खिडकी पडणं उपयोगी. मार लागल्यामुळे भिंग सैल झालं असेल, तर तिथेही.

ताई, आईच्या रिपोर्टमधून तीन गोष्टी इथे लिहा: पेशींची संख्या, सिलिंडरचा नंबर आणि पडद्याचा ओसीटी. मधुमेह आहे म्हणून तिसरी फार महत्त्वाची.

अजून एक, सगळ्यांसाठी. घरात कुणा पुरुषाला प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल, पूर्वी घेतलेली असेल तरीही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना जरूर सांगा. त्या गोळीने बाहुलीभोवतीचा भाग लुळा पडतो आणि ऑपरेशनमध्ये फडफडतो. आधी माहीत असलं की तयारी ठेवता येते.

अनिकेत७७ | रविवार, दुपारी १.३५

आमचा कडू अनुभव सांगतो, रुग्णालयाचं नाव घेत नाही. वडिलांना फेम्टो ठरलं होतं, पैसे आगाऊ भरले. त्यांचे डोळे खोल, त्यात घाबरून पापण्या घट्ट मिटायचे. कडं दोनदा बसवलं, दोनदा सुटलं. शेवटी डॉक्टरांनी साध्या फेकोने ऑपरेशन केलं. उत्तम केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बिलात लेसरचे पैसे तसेच. विचारलं तर उत्तर आलं, कडं एकदाच वापरायचं असतं, उघडलं की संपलं. तीन फेऱ्या मारल्यावर काही रक्कम परत मिळाली.

वडिलांना पैशाचं नव्हतं एवढं वाईट वाटलं, जेवढं "माझ्यामुळे झालं नाही" याचं. सत्तरीतल्या माणसाला असं वाटू देणं बरोबर नाही. म्हणून लेसर करणारच असाल तर आधी लेखी घ्या: कडं बसलं नाही तर काय, पैसे किती परत. आणि आईला घरी दोन-तीन दिवस उताणं निजून वर एका बिंदूकडे बघायचा सराव करू द्या.

ठाणेकर | रविवार, दुपारी ३.१०

मी काल घाईने लिहिलं. वाचून कळलं की सासऱ्यांचं चांगलं झालं त्याचं श्रेय सर्जनलाही तेवढंच आहे. एक विचारायचं होतं. त्यांना आता पुन्हा धूसर दिसतंय आणि डॉक्टर म्हणतात, लेसर करावा लागेल. मोतीबिंदू परत येतो का?

डोळेडॉक्टर | रविवार, सायंकाळी ५.२५

नाही, परत येत नाही. पिशवीचं जे मागचं आवरण आपण जपून ठेवलं, त्यावर कालांतराने साय धरते. तिला भोक पाडायचा लेसर वेगळा, याग लेसर. तपासणीच्या दिव्यासमोर बसूनच काही मिनिटांत होतं, पट्टी नाही की टाका नाही. खर्चही तुलनेने फार कमी. 'लेसरने मोतीबिंदू काढला' असं जुनी माणसं सांगतात, त्यातल्या अनेकांचा हा यागच असतो. मधुमेहात पडद्यावर मारतात तो लेसर तिसराच. तिथेही आता पडद्याचा नकाशा घेऊन, डोळा हलला तर सोबत हलणारी यंत्रं आली आहेत.

कोरेगावकर | सोमवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. गुरुजी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिच्या आजोळीही असाच जाड चष्मा होता म्हणाली.

रिपोर्ट समोर घेऊन बसलेय. उजव्या डोळ्याच्या पेशी २४००. पडद्याच्या ओसीटीवर 'सूज नाही' असं लिहिलंय. सिलिंडर पावणेदोन. हा शेवटचा आकडा कशाशी संबंधित आहे?

नंबरवाली | सोमवार, रात्री ११.०२

मी पुण्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, हे माझं रोजचं काम, म्हणून डॉक्टरांच्या आधी लिहिते.

बुबुळ चेंडूसारखं सगळीकडे सारखं गोल नसलं, एका दिशेला जास्त वळलेलं असलं, की सिलिंडर येतो. मोतीबिंदू निघाला तरी तो तिथेच राहतो. पावणेदोन म्हणजे साध्या लेन्सवर आईंना लांबचंही चष्म्याशिवाय स्वच्छ दिसणार नाही. टोरिक लेन्समध्ये ही दुरुस्ती लेन्समध्येच घातलेली असते. पण ती ठरावीक कोनातच बसायला हवी. एक अंश फिरली की दुरुस्तीचा सुमारे ३.३ टक्के भाग वाया. दहा अंश फिरली तर तिसरा हिस्सा गेला. तीस अंश फिरली तर काहीच उरत नाही.

आणि गंमत अशी की माणूस बसलेला असताना डोळा एका कोनात असतो आणि उताणा निजला की काही अंश फिरतो. म्हणून बसवून मोजलेला कोन टेबलावर जसाच्या तसा वापरता येत नाही. जुनी पद्धत म्हणजे बसलेलं असताना बुबुळाच्या कडेला शाईने दोन खुणा करायच्या. अश्रूंनी ती शाई पसरते. आता बसलेल्या स्थितीत डोळ्याचा फोटो घेतात. पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, तिच्यावरून ऑपरेशनच्या वेळी मायक्रोस्कोप डोळा ओळखतो आणि सर्जनला समोरच्या चित्रावरच रेघ दाखवतो: लेन्स इथे वळवा. व्हेरियन, कॅलिस्टो अशी त्या यंत्रणांची नावं आहेत. हेही 'इमेज गायडेड'च, पण याला फेम्टो लेसर लागत नाही. तुमच्या कागदावर दोन्ही गोष्टी एकाच ओळीत आल्यात. टोरिकच्या ६४ हजारांत ही सोय आहे का, एवढं विचारा.

डोळेडॉक्टर | मंगळवार, सकाळी ८.१०

नंबरवाली ताईंनी अगदी नेमकं सांगितलं. २४०० पेशी आईंच्या वयाला चांगल्या आहेत, पडदा कोरडा आहे. या आकड्यांवर मला लेसरचं काही खास कारण दिसत नाही. माझ्या आईचे हे रिपोर्ट असते, तर मी फेको आणि टोरिक केलं असतं. अर्थात डोळा मी पाहिलेला नाही. शेवटचा शब्द ज्यांनी पाहिलाय त्यांचा.

विम्याबद्दल: बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला वेगळी मर्यादा असते, ती आधी वाचा. आरोग्य संजीवनी पॉलिसीत एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार, यातलं जे कमी तेवढंच मिळतं. लेसरचा जादा खर्च बहुधा खिशातूनच जातो.

कोरेगावकर | सोळा दिवसांनी, सकाळी ७.४५

आईचं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या गुरुवारी झालं. फेको आणि टोरिक. रेघ दाखवणारी यंत्रणा होती, आधी फोटो घेतला. लेसर का नको ते मी सर्जनना थेट विचारलं. त्यांनी रिपोर्ट उघडून शांतपणे समजावलं आणि "यांना गरज नाही" असं स्वतःच म्हणाले. काउन्सेलरच्या कागदावर ठरवलं असतं तर हे बोलणं झालंच नसतं.

आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत पंचवीस मिनिटं. आई म्हणाली, वर रंगीत उजेड हलत होता आणि कुणीतरी गार पाणी सोडत होतं, बाकी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीत एक ओळ सोडून सगळा तक्ता वाचला.

घरी आल्यावर तिने एक डोळा झाकून भिंतीकडे पाहिलं, मग दुसरा झाकून पाहिलं. असं तीन-चारदा केलं. आमच्या हॉलची भिंत तिच्या डाव्या डोळ्याला पिवळट दिसते आणि उजव्याला पांढरीशुभ्र. "इतकी वर्षं मी म्हणत होते तुम्ही रंग का देत नाही," म्हणाली. तिची निळी नारायणपेठ तिने स्वतःहून कपाटातून काढून उजेडात धरली. ती हिरवी आहे असंच ती गेली दोन वर्षं समजत होती.

परवा मी स्वयंपाकघरात गेले तर ती खिडकीपाशी ज्वारीचं ताट घेऊन बसलेली. अजून वाकायचं नाही म्हणून ताट मांडीवर उशी ठेवून उंच केलेलं. चार खडे काढून बाजूला ठेवले होते. मला दाखवायला.

डावा डोळा पुढच्या महिन्यात. डॉक्टरसाहेब, एक शंका राहिली: उजव्याचे थेंब अजून चालू असताना डाव्याचे सुरू होतील, तर बाटल्या वेगळ्या ठेवायच्या ना?

डोळेडॉक्टर | त्याच दिवशी, सकाळी ९.३०

हो, पूर्ण वेगळ्या. बाटलीवर 'उ' आणि 'डा' मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. दोन औषधांच्या थेंबांत पाच-दहा मिनिटांचं अंतर ठेवा, आणि बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. आईंना माझा नमस्कार सांगा.